मेंढीच्या वर्षाची उलटी अक्षरं

मी, हातानाका सुमिए, वय ७९, राहणार तजिमी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. हात कापतो, पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेलं नाही. ते कोणाला कधी जमलंही नाही.

१. राहतं घर आणि पोस्टातली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी मिहारु हिला द्यावी. कारण लिहिण्याची गरज नाही, तरी लिहिते. मी अडतीस वर्षं वाडग्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. कडेवरून बोट फिरवायचं, खोट लागली की वाडगा बाद. विसाव्या वर्षी मिहारुने स्वतः घडवलेला वाडगा माझ्यापुढे ठेवला, तेव्हाही माझं बोट आधी कडेवर गेलं. "बसका झालाय," मी म्हणाले. तिने तो उचलला आणि महिन्याभरात सेंदाईला निघून गेली. त्यानंतर आली ती थेट वडिलांच्या अंत्यविधीला.

२. माझ्या कोरण्या, रोलर आणि उरलेली शाई सार्वजनिक सभागृहातल्या छपाईच्या वर्गाला द्यावी. नवरा गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून अडुसष्टाव्या वर्षी मी तिथे नाव घातलं. लिनोलियमची लादी कोरायची, शाई लावायची, कागदावर दाबायची. आमच्या बारा प्राण्यांच्या वर्षचक्रात पुढचं वर्ष मेंढीचं होतं, म्हणून नववर्षाच्या पत्रांसाठी मेंढी कोरली. साठ पत्रं छापल्यावर दिसलं, शुभेच्छेची अक्षरं उलटी उमटली आहेत. लादीवर ती उलटी कोरायची, हे ओगिसो मास्तरांनी तीनदा सांगितलं होतं.

"टाकून देते," मी म्हणाले.

"टाका की," हात पुसत मास्तर म्हणाले. "टपालपेटीत टाका."

"लोक काय म्हणतील?"

"अक्षरं उलटी आहेत म्हणतील. आणखी काय?"

मी एकच टाकलं, सेंदाईच्या पत्त्यावर. एक जानेवारीला फोन वाजला.

"आई, अक्षरं उलटी आलीत."

"माहीत आहे."

"माहीत असून पाठवलंस? तू?"

"हो."

मग मी म्हणाले, "तुझा वाडगा चांगला होता."

"बसका होता गं," ती म्हणाली, आणि हसली. त्या वसंतात ती आली. तेव्हापासून दरवर्षी येते.

३. बिडाची किटली नणंद नोबुको हिला द्यावी. तिचा तीस वर्षं त्या किटलीवर डोळा आहे. "वहिनी, या वयात हा कसला पोरखेळ?" असं ती माझ्या छपाईबद्दल चारचौघांत म्हणाली होती, ते मी विसरलेले नाही. तरीही द्यावी.

४. कपाटातली मी छापलेली सगळी चित्रं अंत्यविधीला येणाऱ्यांना वाटावीत. वरून येईल ते द्यावं, चांगलं-वाईट निवडू नये. माझा हात कापायला लागल्यापासून रेघा वाकड्या येतात. मला त्याच जास्त आवडतात.

मिहारुसोबतची ही दहा वर्षं मिळाली, याबद्दल मी मास्तरांची आणि टपालवाल्याची ऋणी आहे.

तिसऱ्या कलमात एक शब्द खोडून शेजारी शिक्का मारला आहे. वकील म्हणाले, "पुन्हा स्वच्छ लिहून काढा."

"असं कायद्याने चालतं का?"

"चालतं."

"मग राहू द्या."

सही व शिक्का: हातानाका सुमिए
साक्षीदार: ओगिसो तेत्सुरो, छपाई शिक्षक, कुमाझावा यायोइ, शेजारीण
तजिमी, ९ नोव्हेंबर २०२५