भिंतीपलीकडची पुष्पाबाई

कडोदरा, ९ डिसेंबर

प्रिय नूतन,

तुझा निरोप परवाच ऐकला. उत्तर दिलं नाही म्हणून गाल फुगवून बसली असशील. जावई योगेंद्ररावांना इथल्या लूमखात्यात यंत्रमागावर काम लागलं, सोमवारी तुम्ही आईच्याच खोलीत राहायला येताय, तू सुरतेत पर्वत पाटियाच्या साड्यांच्या दुकानात कामाला जाणार आणि तुझी स्वाती दिवसभर माझ्याकडे राहणार, हे सगळं तू एका दमात सांगून टाकलंस. मावशी नाही म्हणणारच नाही, असंही वर म्हणालीस. तीन वर्षांच्या त्या पोरीवर माझा किती जीव आहे ते तुला ठाऊक आहे. तरी मी अजून हो म्हटलेलं नाही. फोनवर मी फार सफाईने खोटं बोलते हे मला हल्लीच कळलंय, म्हणून कागद घेतला.

तुझ्या आईचं, पुष्पाबाईचं, आणि माझं बारा वर्षांचं शेजारपण, मध्ये फक्त एका विटेची भिंत. ती धुळ्याकडची, मी जालन्याची. ती एकादशी धरायची, मी रविवारी चर्चला जायची. गुडघे धरले की ओट्यावरून हाक मारायची, “प्रमिला, तुना येसूले सांग, मना गुडघासकडे बी जरा देख म्हनं.” मी म्हणायचे, सांगितलंय, पण रांग मोठी आहे. नाताळच्या करंज्या माझ्याआधी खायची आणि वर सारण कमी पडलं म्हणून नावं ठेवायची. तिच्याशिवाय हा पहिलाच नाताळ येतोय, आणि मी अजून रवासुद्धा आणलेला नाही.

चर्चमधल्या पोरांचा वर्ग मी घेते हे तू जाणतेस. नुसतं शास्त्र वाचून दाखवलं की पोरं पाय हलवत बसतात, म्हणून मी आठवडाभर पेपरातली कात्रणं जमवायची. रिक्षात सापडलेली पिशवी परत करणारा, पुराच्या पाण्यातून शेजाऱ्याची म्हातारी खांद्यावर आणणारा, पाण्याच्या टँकरपाशी बाईमाणसाला ढकलून पुढे जाणारा. वहीत चिकटवायचं आणि प्रत्येकाखाली दोन प्रश्न लिहायचे: प्रभू येशूला हे आवडलं असतं का, आणि तू तिथे असतास तर काय केलं असतंस. एकदा तुझ्या आईने वही वाचून दाखवायला लावली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “दुनियाभरना लोकेस्नं पाप तुना वहीमा, तुनं कोठे शे?” आम्ही दोघी खूप हसलो होतो.

दिवाळीला लूमची खाती बंद झाली आणि आमची खोल्यांची सगळी ओळ गावाला गेली. मागे राहिलो दोघीच. मला दिवाळी नाही, आणि तिचे गुडघे बसची पायरी चढेनात. वर्षभर ज्या खडखडाटात आपण ओरडून बोलतो तो एकदम थांबला की काय होतं, ते इथे राहिलेल्यालाच समजतं. कान थांबत नाहीत. लूम बंद असतात तरी चार-सहा दिवस खटखट ऐकू येत राहते. आम्ही तिला कानातला माग म्हणतो. सगळ्यांनाच ऐकू येतो, म्हणून कुणी लक्ष देत नाही.

भाऊबिजेच्या दुपारी तीनच्या सुमाराला मी वही घेऊन बसले होते. कामरेजच्या रस्त्यावर एक स्कूटरवाला पडला होता आणि लोक मोबाईलवर त्याचं शूटिंग करत उभे होते, अशी बातमी होती. वाटेत जखमी पडलेल्या परक्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचा धडा शिकवायला याहून चांगलं काय मिळणार? शास्त्रात तो वकील प्रभूला विचारतो, माझा शेजारी कोण? तेच मी कात्रणावर मोठ्या अक्षरांत लिहीत होते, आणि खट, खट, खट असं ऐकू आलं. थोडं थांबून पुन्हा तीन. मला वाटलं, कानातला माग. लक्ष लागेना म्हणून मी मोबाईलवर भक्तिगीतं लावली आणि आवाज वाढवला. गाण्यांच्या मधल्या फटीत ते येतच होतं. साडेचारला थांबलं. मला वाटलं, चला, कान सुधारले.

सकाळी तिची दुधाची पिशवी दाराशी तशीच पडलेली दिसली. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. तुझी आई भिंतीला लागून जमिनीवर पडली होती आणि हातात वाटी होती. भिंतीवर गुडघ्याच्या उंचीला वाटीच्या काठाने रंग उडून चंद्रकोरीसारख्या खुणा पडल्या होत्या. मी वाटी सोडवली, धुतली, मांडणीवर पालथी घातली, आणि मग मागच्या गल्लीतल्या हिलालभाऊंना हाक मारली. डॉक्टर म्हणाले, जीव पहाटे गेला असावा. तुला मी सांगितलं, झोपेतच गेली, कसला आवाज नाही. तू माझ्या गळ्यात पडून म्हणालीस, मावशी, तू भिंतीला लागून होतीस म्हणून आई एकटी नव्हती. पुढच्या रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी उपासनेत माझं नाव घेतलं. शेजाऱ्यावर प्रीती कशी करावी ते प्रमिलाबाईंकडून शिका, म्हणाले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

सुट्टी संपली, खाती सुरू झाली. आता एवढा आवाज असतो की कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. आणि त्या आवाजातून रोज दुपारी तीनला भिंतीतून तीन टोले येतात. कानातला माग मी ओळखते, तो डोक्याच्या मागे चालतो. हे टोले गुडघ्याच्या उंचीला, एकाच जागेवर वाजतात. तळहात ठेवला तर हाताला लागतात. पहिल्या दिवशी मी प्रार्थना म्हणत बसले. दुसऱ्या दिवशी माझ्या दाराला कडी घातली आणि तू ठेवून गेलेली किल्ली घेऊन तुझ्या आईच्या खोलीत गेले. आत खाट, गुंडाळलेली गादी, मांडणीवर भांडी. मी त्या भिंतीपाशी उभी राहिले आणि टोले पुन्हा आले. नूतन, ते माझ्या खोलीतून येत होते. मी नुकत्याच बंद करून आलेल्या रिकाम्या खोलीतून कुणीतरी तुझ्या आईची भिंत वाजवत होतं. मला फार भीती वाटते, तरी मी रोज जाते. पाळकसाहेब म्हणाले, मन हळवं झालंय, विश्रांती घ्या. त्यांना मी टोल्यांचं सांगितलं, वाटीचं नाही. वर्गही घेत नाही आता, घसा बसलाय म्हणते.

हे सगळं सोमवारच्या आत तुझ्या हाती पडावं म्हणून लिहिलं. क्षमा मागायला लिहिलेलं नाही, ती मागायला मला तोंड राहिलेलं नाही. योगेंद्ररावांनाही वाचून दाखव. आईच्या खोलीची किल्ली समोरच्या इंदुबाईंकडे देऊन ठेवते, म्हणजे तुला माझ्या दाराशी यावं लागणार नाही. आणि स्वातीचं तू ठरव. ती दुपारी झोपेतून उठेल आणि घाबरून रडेल. लूमच्या आवाजात ते रडणं बारीकच ऐकू येईल. मावशी हातातलं टाकून धावत जाईल, असं तुला वाटतं. भाऊबिजेपर्यंत मलाही अगदी असंच वाटत होतं.

अजून म्हणवून घेता आलं तर,
तुझीच,
प्रमिलामावशी