विंगेतला उघडा माईक

सोमवार, १२ नोव्हेंबर

चि. सोन्यास,

तुला आईचे भरभरून आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात, मी माझ्या. तू वेळेवर जेवतोस ना? हल्ली स्वतःचं स्वतः करतोस असं कळलं. दूध उतू गेलं तर शेगडी लगेच पूस, वाळलं की निघत नाही.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला ब्र काढू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

आता तुझ्या निरोपाचं. 'शनिवारी टकलू काका येतील. त्यांना बाबांचं साउंडचं सगळं सामान दाखव, विक्रीच्या कागदावर सही कर आणि हिला रविवारच्या गाडीत बसवून दे.' एका दमात तीन हुकूम! तुझ्या बाबांनी उभ्या आयुष्यात मला एवढे हुकूम सोडले नाहीत, आणि त्यांच्याकडे तर स्पीकरही होते.

काका आले. बाबांचे जिवलग आणि धंद्यातले पक्के वैरी, त्यामुळे कोणती पेटी कुठे आहे ते त्यांना सांगावं लागलं नाही. स्पीकरवर टिचक्या मारल्या, मिक्सरवर बोट फिरवून धूळ शोधली, ती सापडली नाही म्हणून हिरमुसले. मग म्हणाले, "वहिनी, या वयात कशाला हे लोढणं गळ्यात?"

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही तर माझ्याहून मोठे. तुमचं कधी विकताय? मीच घेते."

चहा घेऊन गेले. सही केलेली नाही. रविवारची गाडीही वेळेवर सुटली, तुझ्या बायकोला न घेता.

हे झालं उत्तर. आता कारण.

लग्नानंतर तिला साउंडच्या कामाचा कंटाळा आला, म्हणून तिने ते सोडलं, असं तू मला सांगितलं होतंस. मी मानलं. गेल्या महिन्यात तू तिला इकडे पाठवलंस तेही मला पटवायला, बाबांचं सामान विकायला लावून मला सोबत घेऊन यायला. ती पोचली तेव्हा मी हॉलवर साउंडच्या कामाला बसले होते. नाटकाची तालीम चालली होती. त्या नाटकात एक सासरा आहे. मरतो, पण घर सोडत नाही. भिंतीतून सुनेला हुकूम सोडत राहतो. नट विंगेत उभा राहून माईकवर बोलतो आणि तो बोलत असतानाच लॅपटॉपमधलं सॉफ्टवेअर त्याचा आवाज खाली खेचतं, जाड करतं, त्याला घुमारा देतं. ऐकणाऱ्याला वाटतं, आवाज मागच्या भिंतीतूनच आला.

वाटायला हवं, एवढंच. मी घुमारा इतका ओतला होता की शब्दांचा चिखल झाला होता. शिवाय आवाज लॅपटॉपमधून फिरून यायला उशीर होत होता. नट स्वतःचंच मागचं वाक्य ऐकून अडखळायचा आणि माझ्याकडे खाऊ की गिळू बघायचा.

ही दारात, बॅग हातात. म्हणाली, "आई, मी जरा बघू?"

बॅग खाली ठेवली, माझी खुर्ची ओढून घेतली, दोन-चार ठिकाणी काहीतरी केलं. नटाने "दार उघड" म्हटलं आणि माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी हिच्याकडे बघितलं. सोन्या, कंटाळा आलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो रे.

"का सोडलंस गं?" मी विचारलं.

पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "घरी आल्यावर त्याला स्वतः कुलूप उघडायला आवडत नाही."

तुझ्याविषयी आणखी एक शब्द बोलली नाही. मी वाट बघत होते.

आता त्या प्रयोगाचं. मी मुद्दाम केलं असं तू आत्याला सांगत सुटला आहेस. काय झालं ते ऐक. ही विंगेतच लॅपटॉपपाशी बसली होती. मी नटाशेजारी, माईकजवळ, हातात फोन घेऊन उभी. फोन बोलायला नव्हे. घुमारा कमीजास्त करायची पट्टी फोनवरही येते, ती बोटाने सरकवायची. नटाने श्वास घेतला की मी सरकवते. दुसऱ्या अंकात त्याने श्वास घेतला, माझं बोट निघालं आणि नेमका तुझा फोन आला. पट्टी गेली, तिच्या जागी तुझं नाव. बोट काही थांबलं नाही. सरकवलं, फोन उचलला गेला. माझ्या फोनवर सगळं कायम मोठ्याने ऐकू येतं, ते तूच करून दिलं आहेस.

"आई, किती वेळा सांगायचं? ते भंगार विकून टाक!"

समोर माईक उघडा. तुझं बोलणं आत गेलं आणि मेलेल्या सासऱ्याच्या आवाजात मागच्या भिंतीतून बाहेर आलं. बिचाऱ्या नटाने घेतलेला श्वास तसाच धरून ठेवला.

"आणि तिला विचार, झाली का हौस? बटणं दाबायला मिळाली की संसार विसरते!"

स्टेजवर सुनेचं काम करणारी मुलगी 'दार उघड' ऐकायला थांबली होती. ती सावकाश भिंतीकडे वळली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "मामंजी, मेल्यावर तरी जरा गप्प बसा की!"

हॉल दणाणला. तो हशा तुला फोनमधून ऐकू गेला आणि तू फोन ठेवलास.

'चारचौघांत माझं हसं केलंस' म्हणतोस, पण त्या चारचौघांना तू कोण हे माहीतच नाही. आत्या समोरच बसली होती आणि तिला तुझं 'भंगार' पाठ आहे, म्हणून तिने ओळखलं. बाकीच्यांना ते नाटकातलंच वाटलं. दिग्दर्शकाला तर इतकं आवडलं की तुझी वाक्यं आता नट रोज म्हणतो.

इथवर लिहून पत्र पाकिटात घातलं होतं. पुन्हा बाहेर काढलं. अर्धं सांगून गप्प बसणं हे खोटं बोलण्याचंच धाकटं भावंड.

चूक पहिल्या वाक्यापुरती होती. दुसरं वाक्य चुकून ऐकू गेलं नाही. माईक बंद करायला लॅपटॉपवर एक कळ दाबावी लागते. हिचं बोट त्या कळीवर होतं, मी पाहिलं. ही किती चपळ आहे तेही मला ठाऊक आहे. नटाला खोकला येणार हे तिला नटाच्या आधी कळतं. त्या दिवशी बोट कळीवर टेकलेलं राहिलं, दाबलं गेलं नाही. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

फोन माझ्या हातात होता. बंद करता आला असता. मी तो माईकच्या आणखी जवळ नेला.

का विचारशील. ते वाक्य ती घरात रोज ऐकते, हळू आवाजात. हळू बोललं की काहीही काळजीपोटी बोलल्यासारखं वाटतं. एकदा ते मोठ्याने ऐकायला हवं होतं. तिला, मला आणि तुलाही.

प्रयोगानंतर वायरी गुंडाळताना मी तिला विचारलं, "फार लागलं का गं?"

म्हणाली, "त्याचा आवाज जरा नाकात येतो, आई. आधी कळलं असतं तर आवाजातला तेवढा नाकाचा भाग लॅपटॉपवर कापला असता." मग हसली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. मी वायरीत गाठ शोधत बसले.

प्रयोग चालू असताना फोन उचलला, ही धंद्यातली चूक. त्याबद्दल नाटकवाल्यांची माफी मागितली आहे. बाकीच्याची कुणाकडेही मागणार नाही.

या नाटकाचे पुढचे सगळे प्रयोग आम्ही दोघींनी घेतले आहेत. पाटीवर तिचं नाव आधी, कारण तिला जास्त येतं. ती तुला सोडून आलेली नाही. 'मी रागावले आहे, नवरा टाकलेला नाही,' हे तिचे शब्द, जसेच्या तसे. प्रयोग संपले की ती तुझ्याकडे येईल, आणि तिकडेही काम धरील. हॉल काय, तुमच्याकडेही आहेत. कुलूप ज्याला आधी पोचता येईल त्याने उघडावं.

हे पत्र तिला वाचून दाखवलं. कळीवरच्या बोटाचं खोडा म्हणाली, तुला वाईट वाटेल म्हणून. मी खोडलेलं नाही.

तुला यावंसं वाटलं तर ये. तिला न्यायला येऊ नकोस, तिचं काम बघायला ये. खुर्ची पहिल्या रांगेत धरून ठेवीन.

आशीर्वाद आहेतच. होकार नाही.

तुझी,
आई