आदल्या दिवशी येऊन गेलेला

३ जून, क्वासोमी

पोचलो. उमटाटा शहरातून बसने दिवसभर खडखडत आलो, तरी अंग हलकं वाटतंय. काम सोपं आहे: किनाऱ्याने पायी फिरणाऱ्या पाहुण्यांना कोण घरी ठेवून घेईल, त्याची यादी करायची. पाच गावं, पाच दिवस. आकाश लख्ख. वाळूत गाई बसल्या होत्या. ओहोटीला बायका खडकांवरची कालवं काढत होत्या. नोसाखेले नावाच्या म्हातारीकडे उतरलो. तिने आधी कुळी विचारली. म्पिंगा म्हटल्यावर (आमच्या कुळीच्या पिंडऱ्या भरदार म्हणून नावाजलेल्या) हसून म्हणाली, "मग पिंडऱ्या दाखव, म्पिंगा. शहरात राहून काड्या झाल्या असतील." आंबट दूध आणि मक्याचा भरडा पोटभर वाढला.

४ जून, न्दाबेनी

खाडी होडीने ओलांडली. होडीवाला व्हुयिसिले माझ्याकडे बघतच राहिला. "काल तर सोडलं तुला पलीकडे. परत कधी आलास?" मी हसण्यावारी नेलं. पण गावातही तेच. म्पिंगा कुळीचा लुंगिसा काल येऊन यादी घेऊन गेला म्हणे. नाव माझं, कुळी माझी. कचेरीने दोन माणसं धाडली असतील. फोन लागत नाही.

उद्याचं गाव संपलं की आणखी एक, मग म्बोल्वेनी. तिथे आई आहे. येतोय हे कळवलेलं नाही.

५ जून, लुथांगो

इथला मुखिया सोन्वाबो जुना माणूस, वडलांना ओळखायचा. त्यांच्या दफनाला का आला नाहीस, म्हणून त्याने विचारलं. रजा मिळाली नाही, म्हणालो. अकरा वर्षं हेच सांगतोय.

तो शांतपणे म्हणाला, "काल इथेच बसून रडलास. रजा होती, फुटबॉलचा सामना बघत बसलो होतो, असं स्वतःच्या तोंडाने सांगितलंस. आज कशाला खोटं बोलतोस?"

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

जेवण वाढलं, पण शेजारी कुणी बसलं नाही.

६ जून, एन्टाबेनी

उजाडताच निघालो, त्याला गाठायचं म्हणून. ओल्या वाळूत पावलं. माझ्याच बुटांचे ठसे, माझ्यापुढे गेलेले. धावलो. दम लागेपर्यंत धावलो. टेकडीमागून टेकडी, माणूस नाही.

गावात त्याने एका विधवेचं छप्पर शाकारून दिलं होतं. सगळे त्याच्याबद्दल बोलत होते. मी कुळी सांगितली तर ती बाई म्हणाली, "म्पिंगा काल गेला. तू कोण?"

मागे फिरलो. दोन्ही गावं ओलांडून संध्याकाळी न्दाबेनीची खाडी गाठली. व्हुयिसिले पलीकडच्या काठावर उभा. हाक मारली. ऐकू गेली त्याला. त्याने होडी वर ओढून घेतली.

७ जून

रात्रभर चालून पुन्हा एन्टाबेनी. कुणी दार उघडत नाही. पाणी मागितलं, भांडं उंबऱ्याबाहेर ठेवलं — कुत्र्याला ठेवतात तसं.

मागे खाडी. पुढे घर.

८ जून, म्बोल्वेनी

दुपार. आमच्या अंगणात गर्दी. गोठ्यात बैल पडलेला. वडलांचा आत्मा घरी परत आणायला बळी देतात, तो बैल. मोठ्या मुलानेच द्यायचा असतो. दर वर्षी मी पुढच्या वर्षावर ढकलला.

तो बैलाजवळ उभा होता, पाठमोरा. मोठ्याने वडलांचं, मग एकेका पूर्वजाचं नाव घेत होता. एकही पूर्वज चुकला नाही. मला इतके आठवत नाहीत.

आई दारात आली. म्हातारी झालीय. मला वाटलं ओळखणार नाही.

ओळखलं. सावकाश म्हणाली, "मला ठाऊक आहे, माझ्या पोटचा तू आहेस. तो कोण, ते मला माहीत नाही. पण तो आला रे."

आणि तिने दाराची खालची अर्धी फळी लावून घेतली.

कुंपणाबाहेर बसून लिहितोय. लोक माझ्या आरपार बघतात —

गाणं थांबलं —

तो इकडे येतोय. चेहरा — रागावलेला नाही. हात पुढे केलाय. वही मागतोय. म्हणतो, पुढचं मी लिही —