गाईंना सांगायचं राहू नये

मी, वालबुर्गा हिर्टराइटर, दिवंगत अलोइस हिर्टराइटर यांची पत्नी, वय वर्षे एक्याऐंशी, राहणार हाझेलरीड, बव्हेरिया, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. हे मी कोणाच्या दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणू शकणारा एकच माणूस होता, तो चर्चच्या मागे पुरलेला आहे. सगळं स्वहस्ते लिहिलेलं असलं की साक्षीदार लागत नाहीत, असं वकीलबाई म्हणाल्या. पण या गावात दोघांनी पाहिल्याशिवाय काही खरं धरत नाहीत, म्हणून खाली दोघांच्या सह्या घेतल्या आहेत.

१. घर, गोठा आणि जमीन माझ्या नावे नाही. अलोइसनं हयातीतच ते सगळं आमचा मुलगा किलिआन याला दिलं. वासरू अडलं की बाही वर करून पुढे व्हायची ती आमची मुलगी आफ्रा. तरी अलोइस म्हणाला, "पोरीला व्यवहार कळत नाही. आज ना उद्या परक्याच्या घरी जायची."

"तिला एकदा विचार तरी," मी म्हटलं.

"तू बटाटे बघ," तो म्हणाला.

अलोइस गेल्यावर आफ्रा हाम्बुर्गला गेली. तिथे बंदरावर क्रेन चालवते.

२. बँकेतल्या शिलकीतून माझे अंत्यसंस्कार व्हावेत, उरेल ते दोन्ही मुलांनी निम्मं निम्मं घ्यावं. दफनानंतरच्या जेवणात सूप पातळ नको. शेजारच्या ओटिलीच्या नवऱ्याच्या वेळचं सूप लोक अजून विसरलेले नाहीत.

३. शिवणयंत्र ओटिलीला. दूध काढायला बसायची तिवई आफ्राला. विळा किलिआनला, त्याला धार लावता येत नाही, शिकावं.

४. माझा संगणक, हेडफोन आणि त्यातलं शेत. हे कलम किलिआननं दोनदा वाचावं.

त्यानं गाई विकल्या आणि गोठा शहरातल्या लोकांच्या सहलीच्या गाड्या ठेवायला भाड्यानं दिला. त्या हिवाळ्यात आफ्रानं मला संगणक पाठवला, त्यात शेतीचा खेळ घालून दिला आणि फोनवरून शिकवला. त्यात नांगरणी, पेरणी, बाजार सगळं असतं. ती तिकडून, मी इकडून, असं आम्ही दोघी एकाच शेतावर राबतो. हे शेत माझ्याच संगणकात साठवलेलं आहे. तो गेला की शेत गेलं. किलिआन म्हणतो, "तुझ्यामागे हे खोकं भंगारात." तर ते भंगारात जाणार नाही.

खेळात पैसा कसा करावा ते आफ्राकडून शिकावं. आधी स्वतःची यंत्रं घ्यायची नाहीत, भाड्याच्या यंत्रानं दुसऱ्यांच्या शेतावरची कामं उचलायची. गहू कापणीला विकायचा नाही, कोठारात धरून भाव चढला की काढायचा. ट्रॅक्टर नुसता उभा दिसला की ती विकून मोकळी होते. मी मात्र खऱ्यासारखी शेती करत बसायची.

"आई, खेळात जमीन वाळायची वाट बघायची नसते गं!"

"चिखलात ट्रॅक्टर घातला तर तुझा बाप काय म्हणेल?"

"तो इथे नाहीये. हाक ट्रॅक्टर."

"अगं, आज रविवार आहे. रविवारी शेतात राबणं पाप."

"मग माझ्याकडे दे. मी पापी आहेच."

एका छपराखाली राहत होतो तेव्हा आम्ही दोघी इतक्या कधी हसलो नव्हतो.

मी खेळात गाई घेतल्या आणि त्यांना आपल्या गाईंचीच नावं ठेवली: रेझी, ब्लूमे, श्टेर्न्ल. एकदा आफ्रा म्हणाली, "आई, गाई परवडत नाहीत. विकू या, काचघरं घालू. टोमॅटो बसल्या जागी पैसे देतात." मी ट्रॅक्टर सोडून खेळातल्या गोठ्यात रेझीपाशी जाऊन उभी राहिले. तिला ते तिकडे पडद्यावर दिसलं. मग म्हणाली, "राहू देत. मी बाहेरची कामं वाढवते, चारा निघेल त्यातून." तसंच केलं तिनं. गाई आहेत आणि शेत फायद्यात आहे. ऐकतोयस ना, अलोइस? व्यवहार कळत नाही म्हणे! त्या दिवशी मी फार रडले.

किलिआन एकदा माझ्या मागे उभा राहून हसला. "आई, खोट्या गाई पाळतेस?"

"खऱ्या तू ठेवल्यास कुठे?"

त्यानंतर तो खोलीत फिरकला नाही. माझंच पोर आहे, वाईट नाही. दुधाला भाव नव्हता हेही खरं. पण गाई नेल्या त्या दिवशी त्यानं एकीच्याही पाठीवरून हात फिरवला नाही. ते मी विसरू शकत नाही.

५. वरील संगणक, शेत आणि गाई मी आफ्राला देते. तिच्याशिवाय कोणाचाही त्यावर हक्क नाही.

आमच्याकडे घरचा धनी गेला की वारसानं गोठ्यात जायचं, एकेका गाईला हात लावायचा आणि सांगायचं, "धनी गेला. आता मी तुमचा धनी." न सांगितलं तर गुरं खंगतात म्हणतात. अलोइस गेला तेव्हा किलिआननं ते दारातूनच उरकलं, एक पाय बाहेर ठेवून. आफ्रा गोठ्यालगतच्या खोलीत दुधाची बादली धरून उभी होती. तिला कोणी आत बोलावलं नाही. तिनं बादली धुऊन पालथी घातली आणि स्टेशनची वाट धरली. आता तिचा आवाज रोज माझ्या कानात असतो, पण तेव्हापासून ती या घरात आलेली नाही.

माझ्या वेळी खऱ्या गोठ्यात कोणाला सांगणार, सहलीच्या गाड्यांना? तेव्हा आफ्रा, तू ये. मला पुरायच्या आधी ये. माझ्या खुर्चीत बस, रविवार असला तरी खेळ सुरू कर आणि गोठ्यात जा. एकेकीचं नाव घे आणि सांग, "वालबुर्गा गेली. आता मी तुमची धनीण." किलिआननं तिच्या मागे उभं राहावं. दोन्ही पाय खोलीच्या आत असावेत.

त्या गाई मान वर करणार नाहीत. खेळात तशी सोय नाही. तरी सांग, बाळा. सांगितल्याशिवाय खुर्चीवरून उठू नकोस.

सही: वालबुर्गा हिर्टराइटर

साक्षीदार:
ओटिली त्सांकल, शेजारीण (सुपाचं वाक्य वाचलं. तरी सही करते.)
सेवेरिन लोइब्ल, मधपाळ (धनीण गेली हे मधमाश्यांनाही सांगायचं असतं. ते मी सांगीन.)

स्थळ: हाझेलरीड, स्वयंपाकघर
दिनांक: २ फेब्रुवारी २०२४. पूर्वी याच दिवशी गडीमाणसं जुनं घर सोडून नव्या धन्याकडे जायची.