एक बाही काळी, एक निळी

ती. आईस,
लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. तू विणलेला स्वेटर मापात बसला. महिनाभर तोच घालतेय.

काल खिडकीशी उन्हात उभी राहिले तेव्हा दिसलं, एक बाही काळी आहे आणि दुसरी गर्द निळी. खोलीतल्या पिवळ्या दिव्यात मला दोन्ही काळ्याच वाटायच्या, कारण त्या दिव्यात निळा प्रकाश फारसा नसतोच; बाहेर घाईत मी कधी निरखून पाहिलं नाही. पण तू तर भर दुपारी अंगणात बसून विणतेस ना?

आई, मोतीबिंदू होताना डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं आणि गर्द निळा काळा दिसू लागतो. "हल्लीचे बल्बच मेले मंद," असं म्हणत बसू नकोस. दादाला घेऊन याच आठवड्यात डोळे दाखवून ये. ऑपरेशन तासाभराचंही नसतं. जाशील ना?

बाही मी उसवणार नाही. एवढे दिवस ती घालून फिरले, वर्गात कुणाच्या लक्षातही आलं नाही. इथे मला कुणी नीट बघतच नाही गं. सुट्टीत घरी येईन तेव्हा दारातच तू म्हणायला हवंस, "किती वाळलीस!"

तुझी
धाकटी