न चाखलेली सुकेळी

गिरीज, रविवार

प्रिय राधिका,

फोनवर माझं तोंड उघडत नाही, म्हणून कागद घेतलाय. वाडीत यंदा राजेळी केळ्यांचे मोजकेच घड आले, तरी मांडवावर सुकेळी वाळत घातली आहेत. तुझी आई खिडकीशी पडून त्या वाळत्या केळ्यांकडे बघत असते. काल डॉक्टरांनी सांगितलं, यकृतातही गाठी पसरल्यात. आता केमो नको, घरीच सांभाळा.

गेल्या दिवाळीत तू ओटीवर बसून तुझं संशोधन समजावलंस, आठवतं? पेशीच्या अंगावर साखरेची लव असते. कॅन्सरची पेशी ती बदलते, दाट वाढवते, मग शरीराचे राखणदार तिला आपलीच समजून सोडून देतात. त्याच साखरेच्या आधाराने ती रक्तातून जाऊन दुसरीकडे रुजते. मी कान टवकारून ऐकत होतो. पाणी तोडलं की तण मरतं, एवढं जन्मभर केळी लावलेल्या माणसाला कळतं. तू बंगळूरला परतलीस आणि दुसऱ्या दिवसापासून मी तुझ्या आईचं गोड तोडलं.

चहातली साखर गेली, केळं गेलं. तिने ते व्रतासारखं धरलं. गणपतीत एकवीस मोदक वळले, एकही चाखला नाही. तू रजेवर आलीस तेव्हा तुझ्यासमोर लाडू हातात घ्यायची आणि तुझी पाठ वळली की माझ्या ताटात टाकायची. बरी झाल्यावरच तुला सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. लेकीच्या विद्येने मी उठणार, असं शेजारच्या लूर्डसला सांगत सुटली होती. एकदा मात्र स्टुलावर चढून माळ्यावरचा सुकेळ्यांचा डबा काढताना सापडली. मी ओरडलो, राधिका. आजारी बाईवर ओरडलो. तिने डबा मुकाट माझ्या हातात दिला.

काल डॉक्टरांना मी हे पथ्य मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, ती साखर पेशी स्वतःच घडवते, गोड सोडून ती लव झडत नाही. उलट यांची ताकद गेली. तुला एक फोन केला असता तर तूही हेच म्हणाली असतीस. पण मी कुठला विचारतोय, मला सगळं कळत होतं ना!

घरी येऊन तिला सुकेळं भरवायला गेलो. तिने तोंड मिटून घेतलं. वर्षभर पाळलंय, त्याच्यामुळेच तर जिवंत आहे, आता मोडायला लावू नका म्हणाली. मला खरं सांगवलं नाही.

शनिवारी तू येशील. पथ्याचा उपयोग झाला का, हेच ती आधी विचारेल. खोटं बोलायचं नाही, हे मीच तुला शिकवलं. तरी हात जोडतो, पोरी, झाला म्हण. सांग तिला, व्रत पुरं झालं, आता उद्यापन कर, आणि तुझ्या हाताने एक सुकेळं भरव. माझ्या हातून ती खात नाही.

तुझाच,
बाबा