निळ्या फेट्याचं तेहेतिसावं पान

आप्पा, आज कपाट आवरताना तुमची मोजपट्टी हाताला लागली, आणि तिच्याखाली ते चोपडं. कागद पिवळा पडलाय, मुखपृष्ठावरच्या निळ्या फेट्याचा रंग आता धुतलेल्या बंडीसारखा दिसतो. तुम्ही जाऊन चाळीसावर वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. तशा राहिलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण बाकीच्या तुम्ही न सांगता ओळखल्या असतील. हीसुद्धा ओळखली होतीत, हे मला फार उशिरा कळलं. म्हणून लिहायला बसले.

शिरूरच्या बाजारपेठेतलं आपलं दुकान म्हणजे पायमशीन, एक फळी, एक बाकडं आणि तुम्ही. गळ्यात मोजपट्टी, डाव्या कानामागे खडू, ओठात टाचण्या. ओठात टाचण्या असल्या की तुम्ही नुसत्या भुवयांनी बोलायचात, आणि गिऱ्हाइकाला ते बरोबर कळायचं. तुम्हाला अक्षर येत नव्हतं. आकडे मात्र असे पक्के होते की निमोण्याचा माणूस नुसता दुरून चालत आला तरी त्याच्या पैरणीची छाती किती ते तुम्ही सांगायचात. मी काजं करायला शेजारी बसायचे. एकदा मी कापडाच्या कात्रीनं कागद कापला होता, आठवतं का? पतंगाची शेपटी करायची होती. तुम्ही कात्री हातातून काढून घेतलीत, धारेवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "हिचं पोट कापडावर हाय, बाई. कागद खाल्ला की ती उपाशी मरती." मारलं नाहीत. मारलं असतं तर मी एव्हाना विसरून गेले असते. त्यानंतर आजतागायत माझ्या घरात कापडाची कात्री वेगळी असते, आणि सुनेला मी त्यावरून छळते.

पुण्याहून दर महिन्याला एस.टी.तून निळ्या फेटेवाल्याचा नवा भाग यायचा. डोक्याला निळा फेटा बांधला की या गड्याला ना गोळी लागायची ना तलवार, आणि एका उडीत तो तटबंदी ओलांडायचा. भाग आला की तो बाजाराच्या दिवसापर्यंत फळीवर तसाच पडून राहायचा. आधी कुणी उघडायचा नाही. "उष्टं करायचं न्हाई," हा तुमचा नियम, आणि तो मलासुद्धा लागू. बाजाराच्या दुपारी शेजारचे चाचा बैलांच्या खुरांना पत्री मारण्याचं काम आटोपून हात धुऊन यायचे. निमोण्याचे मामा वांग्यांच्या रिकाम्या पाट्या दारात उपड्या घालून त्यावरच बसायचे. आणि मी वाचायचे. त्या चोपड्याची पानं वरच्या बाजूनं जुळलेली यायची, छापखान्यानं न कापता घडी तशीच ठेवलेली. सोळा पानांच्या चार घड्या. एक घडी वाचून झाली की मी चोपडं तुमच्यापुढे धरायचे, तुम्ही मशीन थांबवून लाकडी पट्टीनं पुढची घडी फोडायचात. कात्रीनं कधीच नाही. मग पानाचा आकडा बघून मोठ्यानं सांगायचात, "सोळा झाली." तेवढ्यात चाचांची तंबाखू मळून व्हायची.

बाराव्या भागात फेटेवाला पुलावरून नदीत पडला. शेवटच्या पानावर नुसता फेटा वाहत चाललेला, आणि पाठीमागच्या बाजूला ठळक अक्षरांत, नवे पर्व लवकरच. त्या दिवशी मामा पाट्या न घेताच निमोण्याला गेले. पुढचे दोनतीन महिने आपल्या दुकानात कपड्यांपेक्षा त्या नव्या पर्वाचीच मापं जास्त घेतली गेली. मामांचं म्हणणं, "फेटाच गेला म्हंजी जोर गेला. आता काय करतोय त्यो, माशा मारतोय." चाचांना पुण्याच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं होतं की आधीच्या लेखकाचं आणि छापणाऱ्याचं फाटलं, आता दुसराच कुणी लिहिणार. "मास्तर, आचारी बदलला की रस्सा बदलतो," ते म्हणायचे, "नवीन माणूस त्याला लग्न-बिग्न करायला लावील बघा. लगीन झालं की संपला गडी." मामा म्हणायचे, दुसरा लेखक असला तर असला, पण त्याला पोहता येतं हे तिसऱ्या भागात लिहिलंय, ते तरी तो वाचून लिहील का नाही? तुम्ही एकदा ओठातल्या टाचण्या काढून म्हणालात, "कापडात जोर नसतोय, मामा. बांधणाऱ्याच्या हातात असतोय." त्यावर मामांनी एवढंच विचारलं, "मंग फेटा वाहू कशाला दिला?" तुम्ही टाचण्या परत ओठात धरल्यात.

मला मात्र त्या पर्वाची ओढ त्यांच्याहून जास्त होती, आणि तिचं कारण वेगळं होतं. मी चौथी पास झाले होते. दौंडच्या आत्याला रेल्वेच्या चाळीत तीन लहान पोरं, चौथं पोटात, आणि मदतीला कुणी नाही. ती दोनदा येऊन सांगून गेली होती, "दादा, चार बुकं शिकली, बास झालं. माझ्याकडं दे. घरकामाला वळण लागंल." आईला नाही म्हणता येत नव्हतं, कारण आईच्या बाळंतपणात आत्या धावून आली होती. तुम्हालाही नाही म्हणता येत नव्हतं. तुम्ही फक्त म्हणायचात, "नवं पर्व येऊ दे. तेवढं वाचून झालं की बघू." मला तेव्हा वाटायचं, आप्पा काय हे, माझी शाळा एका चोपड्यावर टांगून ठेवली. दुसरी कुठली खुंटी तुमच्याजवळ नव्हती, हे कळायचं माझं वय नव्हतं.

आणि ते आलं. बाजाराचाच दिवस, उन्हाळ्याचे शेवटचे दिवस. त्याच दिवशी दौंडच्या गाडीनं आत्याही आली, मला न्यायला. माझ्या कपड्यांचं गाठोडं आईनं सकाळीच बांधून दुकानाच्या कोपऱ्यात आणून ठेवलेलं. आत्या पायरीवर पदरानं वारा घेत बसलीय. चाचा आलेत, मामा पाटीवर बसलेत. तुम्ही पहिली घडी फोडून चोपडं माझ्या हातात देता आणि पुन्हा मशीनवर बसता. मी वाचायला लागते.

फेटेवाला जिवंत होता, पण काय होता म्हणून सांगू. त्याची स्मृती गेली होती. एका श्रीमंताच्या बंगल्यात तो बागेला पाणी घालत होता, डोक्यावर टोपी. गुलाबाला खत केव्हा घालावं यावर दोन पानं. मग तो श्रीमंत माणूस त्याला काटकसरीचं महत्त्व समजावून सांगतो, ते चार पानं. मी वाचतेय आणि माझ्या लक्षात येतंय की मशीनखेरीज कसलाच आवाज नाही. चाचांनी तंबाखूची डबी उघडून पुन्हा बंद केली. मामा म्हणाले, "ह्यो आपला फेटेवाला न्हाई. टोपी घालतोय मुडदा." आत्यानं जांभई दिली आणि विचारलं, "दादा, गाडी किती वाजता हाय परतीची?"

नवव्या पानावर मी थांबले. पुढच्या ओळीत पुन्हा गुलाब होता. मी गाठोड्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, आणि जे तोंडातून आलं ते त्या पानावर नव्हतं. मी वाचलं, म्हणजे वाचल्यासारखं केलं, की वाहत गेलेला फेटा घोडनदीच्या डोहाजवळ एका परटिणीला सापडला. खडकावर आपटून त्याचे दोन तुकडे झाले होते. ती तो घेऊन बाजारात एका शिंप्याकडे गेली. शिंप्याच्या कानामागे खडू होता आणि ओठात टाचण्या, त्यामुळे तो भुवयांनी बोलायचा. त्यानं त्या दोन तुकड्यांना असा जोड घातला की देवाला दिसला नसता. मग परटिणीनं तो फेटा बंगल्याच्या कुंपणावर वाळत घातला, आणि टोपीवाल्यानं हातातली झारी खाली ठेवली.

इथे तुमची मशीन थांबली. मी मान वर केली नाही. माझे कान तापले होते. मामा म्हणाले, "हां, आता आला जाग्यावर." मी पुढे सुटलेच. लढाई झाली, तटबंदी झाली, परटीण आणि फेटेवाला एका होडीत बसले, आणि या सगळ्यात पान उलटायचं असतं हे मी विसरून गेले. किती वेळ ते मला माहीत नाही. तुमचा हात पुढे आला. "आण हिकडं," तुम्ही म्हणालात, "घडी फोडतो." मी चोपडं दिलं. तुम्ही पट्टीनं दुसरी घडी फोडलीत, पानाचा आकडा बघितलात, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "अठ्ठेचाळीस झाली. एकच घडी राहिली, बाई. नीट वाच."

सोळा झाली होती, आप्पा. खरं तर नऊच. मला हायसं वाटलं आणि हसूही आलं. ऐकण्यात गुंगून आप्पा मोजणी चुकले, असं मी धरून चालले. एक घडी राहिली म्हणाले तर एका घडीत संपवू, म्हणून मी फेटेवाल्याला शत्रूच्या किल्ल्याच्या दारात आणलं, दार बंद केलं, आणि पुढील भागी पाहा म्हणून मोकळी झाले. चाचा उठेनात. आत्या पायरीवरून आत येऊन बसली होती. तिनं मला विचारलं, "परटीण भायेरच ऱ्हायली का गं?" मी म्हटलं, पुढच्या भागात येईल. आत्या थोडा वेळ गाठोड्याकडे बघत बसली. चाचा तिला म्हणाले, "बहिणाबाई, ही पोर दौंडला नेली तर आम्हाला पुढचं वाचणार कोण? मास्तर तर आकडेच वाचतात." तुम्ही तोवर मशीन परत सुरू केली होतीत. मामा म्हणाले, "मी माझ्या बायकोची भाची लावून देतो तुमच्याकडं, कामाला खमकी हाय. पर हिला राहू द्या." आत्या म्हणाली, "येऊ दे पुढला भाग. मंग बघू," आणि एकटीच गाडीला गेली. जाताना मला म्हणाली, "मी आल्याबिगर वाचू नगं."

पुढला भाग आलाच नाही. ते पर्व कुणालाच रुचलं नसावं, माला बंद पडली. पण तोवर शाळा सुरू झाली होती, निमोण्याची भाची दौंडला रुळली होती, आणि माझं नाव पाचवीच्या पटावर होतं. शाळेच्या पहिल्या दिवशी तुम्ही मला दप्तर दिलंत. निळ्या फेट्याच्या कापडाचं, दोन तुकडे जोडून केलेलं. म्हणालात, "जोड दिसतोय का बघ." मी उजेडात धरून पाहिलं, बोटं फिरवली. मला नाही सापडला. मला वाटलं, गोष्टीतला शिंपी आप्पांना आवडला. किती शहाणी होते मी.

सातवी झाले, पुढे शिक्षिका झाले, कवठे येमाईच्या शाळेत लागले. तुम्ही ते पाहिलंत, तेवढं समाधान आहे. तुम्ही गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एकदा वर्गात एक मुलगी धडा वाचत होती. तपासणीला साहेब आले होते. मुलगी घाबरली, ओळ हरवली आणि मनचंच बोलू लागली. धड्यात नसलेली म्हैस तिनं धड्यात आणली. साहेब खिडकीकडे बघत होते. मी तिच्याजवळ गेले, पान उलटलं, आणि म्हटलं, "शेवटचा परिच्छेद राहिला, वाच." परिच्छेद चार राहिले होते. ते शब्द तोंडातून गेले मात्र, आणि माझ्या कानात तुमचा आवाज होता, अठ्ठेचाळीस झाली, एकच घडी राहिली.

ज्या माणसानं आयुष्यात अर्ध्या सुताची चूक केली नाही, त्याला सोळा कळले नव्हते होय? एवढ्या माणसांदेखत मी उघडी पडू नये म्हणून तुम्ही माझं पान उलटलंत. दहा वर्षांची पोर चौसष्ट पानं रचू शकणार नाही हे ओळखून, किती कापड उरलंय ते शिकाऊ माणसाला सांगावं तसं मला सांगितलंत. आणि नंतर कधी एका शब्दानं विचारलं नाहीत. तुमच्या त्या खोट्यावर मी सातवी झाले, नोकरी केली, पोरांना शिकवलं. तुमचे उपकार आहेत म्हटलं तर तुम्ही भुवया वर कराल, म्हणून म्हणत नाही. पण आहेत.

आता कबुलीचं. त्या दिवसानंतर शाळेत मी मैत्रिणींना हसत हसत सांगायचे, आमच्या आप्पांना सोळा आणि अठ्ठेचाळीस यांतला फरक कळत नाही. पुष्कळदा सांगितलं. तुम्ही एकदा दारात उभे होतात, आणि तसेच परत गेलात. त्याची मला अजून लाज वाटते.

हे पत्र त्या चोपड्यातच ठेवते, कारण दुसरीकडे कुठे टाकणार. शेवटच्या दोन घड्या अजून जुळलेल्याच आहेत. तुमची लाकडी पट्टीही आहे घरात, दोनदा हातात घेऊन परत ठेवली. सगळ्या शिरूरला मी ती गोष्ट वाचून दाखवली, आप्पा, आणि तेहेतिसाव्या पानावर काय आहे ते मला अजून माहीत नाही.